बिनविरोध बालकादंबरी

वाईट पुस्तक वाचलं की शिरूर कासारच्या विमलबाईंना राग यायचा. कंटाळा नाही, झोप नाही, सरळ राग; कुणी घरात येऊन, चहा पिऊन, तोंडावर खोटं बोलून गेल्यासारखा. सारा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत घातला, निवृत्त झाल्या, मग गावचं वाचनालय सांभाळायला घेतलं आणि रागाला आणखी जागा मिळाली. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, म्हणून त्यांना भ्यायचं. उरलेलं अर्धं गाव ते बघून भ्यायचं.

अशा बाईला आप्पांनी पुरस्काराच्या समितीवर घेतलं. एक महिला पाहिजे म्हणून घेतलं, आणि ही महिला पुस्तकं खरोखरच वाचील असं काही त्यांच्या मनात आलं नाही.

आप्पा म्हणजे ऊसतोड व वाहतूक सहकारी संस्थेचे अध्यक्ष. दिवाळी झाली की तालुक्यातली निम्मी माणसं संस्थेच्या टोळ्यांतून पश्चिमेच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जायची, ती पाडव्याच्या सुमारास परतायची. पोरं मागं राहायची, संस्थेच्याच वसतिगृहात. आप्पांना दरसाल कसलं तरी उद्घाटन लागायचं. त्या साली दुष्काळ असा पडला की उद्घाटन करावं असं काही उरलंच नाही. तळ्याचं करावं तर तळ्यात धूळ, टाकीचं करावं तर लोक आत डोकावून बघणार. शेवटी कुणीतरी म्हणालं, साहित्याचं करा आप्पा, त्याला पाणी लागत नाही. झालं! आप्पांच्या मातोश्रींच्या नावानं 'चंद्रभागाबाई स्मृती बालकादंबरी पुरस्कार' जाहीर झाला. वर असंही छापलं की पुरस्कार मिळालेल्या कादंबरीची एकेक प्रत वसतिगृहातल्या प्रत्येक पोराला मिळणार, हंगामभर वाचायला.

विमलबाईंना पुरस्काराचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव अडकला तो ह्या प्रतींत. रोज दिवस कलला की त्या वसतिगृहावर जायच्या आणि पोरांना वाचून दाखवायच्या. आई-बाप लांब गेलेल्या पोराला ती वेळ खायला उठते, हे त्यांना बघून बघून ठाऊक झालेलं. आदल्या हंगामात संस्थेनं सुविचारांचं एक जाडजूड पुस्तक वाटलं होतं. पोरांनी त्याच्या होड्या केल्या, होड्या सोडायला पाणी नाही म्हणून विमानं केली, आणि तेव्हापासून छापील कागद दिसला की तोंडं फिरवायला लागली. आणखी एक असलं पुस्तक ह्यांच्या हातात पडलं तर ही लेकरं जन्मात पुस्तक उघडायची नाहीत, अशी बाईंनी धास्ती घेतली होती. एक बरं पुस्तक मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुरस्कारासाठी पाच कादंबऱ्यांना नामांकन मिळालं. बाईंनी पाचही वाचल्या. समितीत बाकी सगळे संस्थेचे संचालकच होते; त्यातला बिभीषण त्यांचा अहवाल न्यायला वाचनालयात आला तेव्हा बाई तयारीतच बसल्या होत्या. बिभीषण त्यांचाच विद्यार्थी, तिसरीत दोनदा बसलेला.

"बस. ऐक," बाई म्हणाल्या. "हे पहिलं. पुण्याची तीन पोरं सुट्टीत मामाच्या गावाला येतात अन् डोंगरातले चोर पकडतात. गावात पाटील हाय, पोलीस हाय, शंभर पोरं हायत. त्यातल्या एकाला बी चोर दिसत न्हाई. पुण्याहून माणूस आल्याबिगर आपल्या डोंगरातला चोर सापडतच न्हाई, असं ह्या लेखकाचं म्हणणं."

"हां," बिभीषण म्हणाला.

"हे दुसरं. ह्यात झाडं बोलतात. वड बोलतो, पिंपळ बोलतो, बाभळ सुद्धा बोलते अन् सगळी तुमच्या आप्पासारखी बोलतात. मी वाट बघत व्हते, ह्या भाषणात कुणी घोटभर पाणी मागतंय का! एक झाड मागंल तर शपथ."

बिभीषणानं हळूच मागं वळून दार लावलं.

"तिसऱ्यात पोरगं मंगळावर जातं. तिथं पाणी नाही हे बघून त्याला धक्का बसतो, अन् तो तेरा पानं रडतो. त्याला म्हणावं, एवढं लांब कावून गेलास बाबा? पाटोद्याच्या यष्टीत बसायचं व्हतं."

"अन् चौथं?" बिभीषणानं जरा जपूनच विचारलं. चौथं पुस्तक प्राध्यापक शहादेव यांचं होतं, आणि प्राध्यापक शहादेव आप्पांचे जावई होते.

"'शिस्तबद्ध शंतनू'," बाईंनी नाव असं उच्चारलं की बिभीषणाला तिसरीतली छडी आठवली. "हा पोरगा पहाटे उठतो. थंड पाण्यानं आंघोळ करतो. शाळेतून आल्यावर परत करतो. आपल्याकडं टँकर आठवड्याला, अन् हा दोनदा आंघोळी करून वर आईला स्वच्छतेचं महत्त्व सांगतो! आई ऐकून घेते. माझा पोरगा असता तर त्याच्याच बादलीत बुचकळला असता. सगळ्या पुस्तकात ह्याला एकदा भूक लागत न्हाई, एकदा खोटं बोलावंसं वाटत न्हाई, एकदा कुणाच्या वाट्याची बोरं ढापत न्हाई. हे पोरगं न्हाई बिभीषणा, ही पाटी हाय, शाळेच्या भिंतीवरची."

मग बाईंनी पाचवं पुस्तक हातात घेतलं आणि त्यांचा आवाजच बदलला. पाटोद्याकडच्या ताराबाई नावाच्या कुणा तरुण शिक्षिकेनं लिहिलेलं. घरची मेंढरं राखत शिकलेली बाई. पुस्तकाचं नाव 'टायरगाडीच्या मागं'. गोदी नावाची पोरगी. तिचे आई-बाप ऊसतोडीला जातात आणि ती वसतिगृहात राहते. एक दिवस ती आपलं बोकड घेते, आणि ऊस वाहणाऱ्या बैलांच्या टायरगाड्या जातात त्या रस्त्यानं आईला शोधत निघते. वाटेत खोटं बोलते, चोरते, मार खाते, हसते. शेवटी उसाच्या फडापाशी पोचते. तिथं डोक्याला फडकी गुंडाळलेल्या बायाच बाया, सगळ्या पाठमोऱ्या. गोदी "आये" म्हणून हाक मारते, आणि साऱ्या फडातल्या बाया एकदम मागं वळतात. तिथंच पुस्तक संपतं.

"हे वाचून मी रडले," बाई सरळ म्हणाल्या. "अन् त्याच्याआधी लई हसले. पोरांना हे द्यायचं. माझं मत संपलं."

बिभीषणानं मान डोलावली. मग खिशातून कागद काढत म्हणाला, "बाई, तुमचं मत बराबर हाय. पण आता अर्ज माघारीचं बघावं लागंल."

"कसली माघारी?"

आता इथं संस्थेची एक रीत सांगितली पाहिजे. संस्था स्थापन झाल्यापासून तिथं एकदाही मत पडलेलं नव्हतं. सगळं बिनविरोध. कुणी अर्ज भरला की त्याला चहाला बोलवायचं, काय पाहिजे ते विचारायचं, आणि अर्ज काढून घ्यायचा. मतदान म्हणजे घरात भांडण लागल्यासारखी लाज. त्यामुळं 'नामांकन' म्हटल्यावर संचालकांनी ते उमेदवारी अर्जच धरले. त्यांचं त्यात कपट नव्हतं हो, त्यांना दुसरी तऱ्हाच ठाऊक नव्हती. पाच उमेदवार उभे, चौघांना बसवायचं, उरेल तो निवडून आला. त्यासाठी पुस्तक उघडायची गरज काय?

आणि बसवले की! झाडांच्या लेखकाला वृक्षारोपणाचं अध्यक्षपद दिलं; वृक्षारोपण पाऊस पडल्यावर. चोरवाल्याच्या म्हशींना चारा छावणीत सावलीची जागा मिळाली. मंगळवाल्याच्या गल्लीत टँकर यायला लागला, त्यानं तर माघारीच्या कागदावर आनंदानं सही केली. राहिल्या ताराबाई. बिभीषणानं फोन लावला, काय पाहिजे म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काहीच नको. मी पुस्तक लिवलंय, निवडणूक लढवत न्हाई. माघार कशातून घेऊ?" बिभीषणाला असलं उत्तर कधी मिळालं नव्हतं. त्यानं फोन ठेवला आणि सरळ आप्पांचं घर गाठलं.

मग स्वतः आप्पा वाचनालयात आले. फेटा काढून मांडीवर ठेवला, म्हणजे गंभीर काम.

"बाई," आप्पा म्हणाले, "तुमाला पोरांच्या हातात ते पाटोद्याचं पुस्तक पाहिजे ना? देतो. जेवढी पोरं तेवढ्या प्रती. पुरस्कार तेवढा आमच्या शहादेवच्या नावावर टाका. पोरीच्या सासरी माझं नाक राहतं. पुस्तकात काय हाय ते मला बघायचं न्हाई, तुमी म्हणता तर चांगलंच असंल."

अगं बाई, हो म्हण की! जे पाहिजे होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. पोरांना गोदी मिळाली असती, शंतनूला शाल-नारळ मिळाला असता, दोघंही आपापल्या जागी सुखी. पण विमलबाईंच्या डोळ्यांपुढं तो शंतनू आला, दुसऱ्यांदा आंघोळ करून, भांग पाडून, हारबीर घालून उभा. आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "चांगल्याला चांगलं म्हणायचं, वाईटाला वाईट. पुरस्कार बी त्याच पुस्तकाला. न्हाईतर मतदान घ्या."

"मतदान?" आप्पा दचकलेच. मग त्यांनी मनात बेरीज केली आणि हसले. "घेऊ की. सगळे संचालक आमचेच हायत."

"आप्पा, तुमच्या पोटनियमात काय लिवलंय? जो सभासद संस्थेच्या कामात भाग घेत न्हाई तो क्रियाशील न्हाई, अन् जो क्रियाशील न्हाई त्याला मत न्हाई. ह्याच नियमावर तुमी मागं अर्ध्या विरोधकांची नावं उडवली. मग ज्यानं पुस्तक वाचलं न्हाई, तो ह्या कामात क्रियाशील कसा?"

आप्पांचा फेटा मांडीवरून खाली पडला. नियम त्यांचाच, नाही म्हणावं तर उडवलेले विरोधक उद्या दारात उभे. आणि हो म्हणावं तर साऱ्या तालुक्यात एकच क्रियाशील मतदार उरत होता, तो समोर चष्मा पुसत बसला होता.

"मग वाचतील संचालक," आप्पा शेवटी म्हणाले. "पोरासोरांची पुस्तकं हायत, त्यात काय!"

बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं. वसतिगृहावर त्या पोरांना सांगूनही आल्या, बोकडवाल्या पोरीचं एक पुस्तक तुमच्यासाठी येतंय म्हणून. आयुष्यभर ज्यांना वाचा वाचा म्हणून ओरडल्या, ते आता मुकाट्यानं वाचणार होते. उरलेल्या दोन्ही पुस्तकांच्या प्रती मागवून त्यांनी संचालकांना स्वतःच्या हातानं वाटल्या, आणि नियमाला नियम म्हणून मधूनच प्रश्न विचारीन अशी धमकीही दिली.

पुढचे काही दिवस संस्थेच्या कचेरीत जे दृश्य दिसलं, ते शिरूर कासारनं आधी कधी बघितलं नव्हतं. कामं घेऊन आलेली माणसं दारात खोळंबलेली आणि आत संचालक पुस्तकात डोकं घालून बसलेले. सुरुवात सगळ्यांनी शंतनूपासून केली, जावयाचा मान म्हणून. पहिल्या आंघोळीपर्यंत एकजण घोरायला लागला. दुसऱ्या आंघोळीला बिभीषण म्हणाला, "काय बे हे पोरगं! याच्या घरी बोअर हाय का?" मग एकेकानं चोरून ताराबाईंचं पुस्तक उघडलं.

ते उघडल्यावर मात्र कचेरी गप्प झाली. पंख्याचा तेवढा आवाज. मधूनच कुणी खुदकन हसायचा आणि इकडंतिकडं बघायचा. गोदीनं टोळीच्या मुकादमाच्या जेवणाच्या डब्यात बोकडाच्या लेंड्या भरल्या, तिथं सुंदरराव नावाचे संचालक, स्वतः जुने मुकादम, इतके हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं. आणि गोदीला ज्या रात्री ताप भरतो आणि ती बोकडाला आई म्हणते, तिथं तेच सुंदरराव उठून बाहेर गेले आणि बराच वेळ मोटरसायकल पुसत राहिले.

आप्पांनी पुस्तक घरी नेलं होतं. त्यांच्या मंडळी, केसरबाई, वाटेत बाईंना भेटल्या.

"बाई, काय दिलंत ह्यांना वाचायला? भाकर ताटात वाळून जातीय. काल मला विचारत व्हते, वसतिगृहातली लेकरं दिवस मावळताना काय करत्यात म्हणून. एवढी सालं झाली, कधी इचारलं न्हाई हो."

विमलबाई घरी गेल्या, दार लावलं आणि पदरात तोंड घालून हसल्या. थोडं रडल्याही. पुस्तकानं माणूस बदलतो असं त्या जन्मभर वर्गात सांगत आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःचाच त्यावर फारसा विश्वास उरला नव्हता. आज बसला.

मतदानाची सभा भरली. चिठ्ठ्या टाकल्या. मोजायला फार वेळ लागला नाही, कारण सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. प्राध्यापक शहादेव पाहुणे म्हणून कोपऱ्यात बसले होते, त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. सासरे खिडकीतून बाहेर बघत होते.

मग आप्पा उभे राहिले. घसा साफ केला. "मी आजवर लई भाषणं केली," ते म्हणाले, "पण आज बोलवंना. त्या ताराबाईनं आमाला रडवलं. मी पोरगा असताना माझी आई बी कोयता घिऊन गेलती. मी बी पाठमोऱ्या बाया बघितल्यात." फेट्याच्या शेमल्यानं त्यांनी डोळे पुसले. पुसणाऱ्यांत ते एकटे नव्हते. "पुरस्कार ह्याच पुस्तकाला. सर्वानुमते."

टाळ्या पडल्या. विमलबाईंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

"आता प्रतींचं," आप्पा खाली बसत म्हणाले. "पोरांना शहादेवचं पुस्तक वाटायचं."

बाईंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आप्पा? अहो, पुरस्काराचंच पुस्तक पोरांना वाटायचं, असं तुमीच छापलं—"

"बाई, रागावू नका. मी शांतपणे इचार केलाय. तुमी हे पुस्तक वाचलंय, आमी बी वाचलंय. आता सांगा, हे त्या लेकरांच्या हातात दिलं तर काय हुईल? उद्या सकाळी वसतिगृहातली निम्मी पोरं बोकडं घिऊन रस्त्याला लागतील. अन् जी न्हाई लागणार ती दिवाळी झाली की आई-बापाच्या पायाला मिठी मारतील, जाऊ नका म्हणून. मग पुढल्या साली टोळी कुणाची भरायची? कारखान्याला काय तोंड दाखवायचं?"

"पोरांसाठी लिवलंय ते पुस्तक!"

"तेच तर. लई चांगलं लिवलंय. वाईट असतं तर खुशाल वाटलं असतं." आप्पा अगदी कळवळून बोलत होते. "शंतनूचं बघा, त्यानं कुणाला काही हुनार न्हाई."

बाईंनी बाकीच्यांकडं बघितलं. बिभीषण, सुंदरराव, सगळे त्यांच्या हाताखाली शिकलेले. कालपर्यंत ह्यातल्या एकानं पुस्तक उघडलं नव्हतं, तोवर ते पोरांना मिळत होतं. आज सगळ्यांना ते कळलं होतं, शब्दन्‌शब्द कळलं होतं, परीक्षेत पैकीच्या पैकी द्यावे असं. त्या खुर्चीवर बसल्या.

"मी तुमाला वाचायला लावलं," त्या म्हणाल्या. "माझीच अक्कल शेण खायला गेलती."

"असं कावून म्हणता बाई? आमच्यावर उपकार झाले तुमचे," आप्पा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मग जरा पुढं सरकून हळू आवाजात, "एक काम करा. त्या ताराबाईंना दुसरा भाग लिवायला सांगा. फडातल्या बाया वळल्या, पण त्यात पोरीची आई व्हती का न्हाई, ह्यावर आमच्या घरी अबोला हाय. पोरांसाठी न्हाई, आपल्यापुरता लिवा म्हणावं."

"व्हती," सुंदरराव म्हणाले.

"न्हवती बे," बिभीषण म्हणाला. "ती दुसऱ्या कारखान्यावर गेलती, आधीच लिवलंय."

आणि संचालक मंडळ त्यावर भांडायला लागलं. एवढं जोराचं भांडण संस्थेत पूर्वी झालेलं नव्हतं. बाई कधी उठून गेल्या ते कुणाला कळलं नाही.

संचालकांना वाटलेल्या 'टायरगाडीच्या मागं'च्या प्रती परत मागायला बाई घरोघर गेल्या. निदान तेवढ्या प्रती तरी वसतिगृहावर न्याव्यात. पण सुंदररावांकडं सून वाचत होती, बिभीषणाची बायको ते घेऊन माहेरी दिंद्रुडला गेली होती, आणि आप्पांनी आपली प्रत देवघरात मातोश्रींच्या फोटोपाशी ठेवली होती. त्यांची स्वतःची प्रत तेवढी उरली होती. बाईंनी ती पिशवीत टाकली. त्याच दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षकानं त्यांना दारात गाठलं आणि नजर चुकवत सांगितलं, की इथून पुढं मंजूर पुस्तकच वाचून दाखवायचं, वरून तोंडी निरोप आहे. त्यानं पिशवीकडं बघितलं, आणि बाईंनी पिशवी उघडून पुस्तक त्याच्या हातात दिलं. तेही परत आलं नाही. अधीक्षक वाचत होता.

वाटपाच्या दिवशी आप्पा आले, हार झाले, फोटो झाले. 'शिस्तबद्ध शंतनू'च्या प्रती बाईंच्याच हस्ते वाटायच्या असं ठरलं होतं, सन्मान म्हणून. बाईंनी मुकाट्यानं वाटल्या. पोरं रांगेनं यायची, पुस्तक घ्यायची आणि विमानासाठी कागद बरा आहे का ते बोटानं चाचपून बघायची.

सत्यभामा नावाची एक पोरगी पुस्तक घेऊन पुढं सरकली नाही. तिनं कव्हरवरचा भांग पाडलेला शंतनू बघितला, मग बाईंकडं बघितलं.

"बाई, तुमी तर बोकडाचं आणणार व्हता. त्या पोरीचं. ते आमच्यासाठी हाय म्हणला व्हता."

आप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"व्हतं गं," विमलबाई म्हणाल्या. "पण ते मोठ्या माणसांना लई आवडलं. त्यांनी ठेवून घेतलं."